उजव्या हातचा चहा

सबनीस मॅडम कुणाच्या घरात शिरल्या की आधी माणसाकडे बघायच्या नाहीत, त्याच्या ताटाकडे बघायच्या. ताट समोर नसेल तर विचारायच्या, "जेवलात का?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "कुणाच्या हातानं?" महाड-पोलादपुराकडच्या घरांतून या प्रश्नाला ठरलेलं उत्तर यायचं. सून पुढे होऊन म्हणायची, "मी भरवते ना. वारं गेलंय हातावरनं, कसे जेवतील?" बोलताना तिच्या तोंडावर जरा अभिमान असायचा. मॅडम तो तिथल्या तिथे उतरवायच्या. "अर्धा हात वाऱ्यानं नेला, उरलेला तुम्ही नेताय. बंद करा ही सेवा."

आमच्याकडे पक्षाघाताला 'वारं गेलं' म्हणतात. सबनीस मॅडम फिजिओथेरपिस्ट होत्या. मूळच्या महाडच्याच, मुंबईला शिकलेल्या, तिथेच नोकरीत मुरलेल्या, आणि पन्नाशी जवळ आल्यावर एक अभ्यास घेऊन परत आलेल्या. झटका आलेल्या माणसाचा हात पुढे चालू लागेल की नाही हे अगदी सुरुवातीलाच ओळखता येतं का, आणि नाही असं दिसलं तरी भरपूर सराव करून तो अंदाज खोटा पाडता येतो का, असा तो अभ्यास. त्यासाठी त्यांना घरोघर फिरणारं, इथली बोली कळणारं आणि थोडं इंग्रजी वाचणारं माणूस हवं होतं. ते माणूस मी.

मी बी.एस्सी. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. डिग्रीचा कागद घरी आला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावलं, त्याचा डाग अजून आहे. हे मी मोठेपणा म्हणूनच सांगते. मॅडमनी पहिल्या दिवशी तो डाग बघितला, हसल्या नाहीत, आणि त्या दिवसापासून मला नावानं हाक मारणंच सोडलं. "ग्रॅज्युएट, पिशवी घे." "ग्रॅज्युएट, गाडीत बस." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला टोमणा वाटला असता. त्यांच्या तोंडी ते पदवीदान समारंभासारखं वाटायचं.

त्यांच्या पिशवीत कपडे वाळत घालायचे चिमटे, चिंचोके, स्टीलच्या वाट्या आणि गोधडीच्या कापडाच्या पिशव्या असायच्या. या पिशव्या महाडच्या एका शिंप्याकडून शिवून घेतलेल्या. रोग्याचा चांगला हात त्या पिशवीत घालून मनगटाशी नाडी बांधायची, म्हणजे दिवसभर सगळी कामं दुबळ्या हातानं करायची पाळी येते. गावोगावच्या बायका त्यांना 'हात बांधणारी बाय' म्हणायच्या. एकीनं तोंडावर विचारलं होतं, "धडधाकट हात बांधतेस नि मेल्या हाताला कामाला लावतेस, हा कुठला न्याय गो बाय?" मॅडम म्हणाल्या, "घरात दोन भाऊ असले आणि एकच राबत असला, तर दुसरा उठेल का जागचा?" बाईनं आपल्या धाकट्या दिराकडे बघितलं आणि नाडी स्वतःच्या हातानं आवळली.

पण त्यांची खरी युक्ती चहाची. आमच्याकडे घरी आलेला माणूस चहा न घेता गेला तर त्या घराला चार दिवस अन्न गोड लागत नाही. मॅडमना ते ठाऊक होतं, त्या इथल्याच ना. चहाचा कप पुढे आला की त्या हात मागे बांधायच्या. "मी यांच्या हातचा घेईन. ज्या हातावरून वारं गेलंय, त्या हातचा." मग सगळं घर गोळा व्हायचं. म्हातारा घामाघूम होऊन कप ढकलायचा, उचलायचा, निम्मा चहा मॅडमच्या साडीवर. त्या उरलेला पिऊन टाकायच्या आणि गाडीत बसल्यावर मला साडी दाखवायच्या. "हा डाग बिरवाडीचा. हा पदरावरचा तुडीलचा. याच्यावर साबण लावायचा नाही, ग्रॅज्युएट." दुसरी कुणी बाई साडी खराब झाली म्हणून हळहळली असती. त्या डाग मिरवायच्या.

रागवायच्या खूप, पण अंधश्रद्धेवर नाही. सावित्रीकाठच्या एका घरात गेलो तर माणसाच्या उजव्या दंडापासून बोटांपर्यंत वाळलेलं रक्त. कबुतराचं. लकव्यावर ते चोळतात. मी शिकलेली, माझं तोंड उघडणारच होतं. मॅडमनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्या माणसाला विचारलं, "कबूतर कुणी धरलं होतं?"

"पोरग्यानं."

"तिथंच चुकलं. ज्याला लावायचं त्यानंच धरायला हवं. पाळलेलं एखादं आणा. रोज उजव्या हातानं धरायचं, चांगलं धरता आलं की मग बघू कापायचं."

पुढच्या खेपेला गेलो तर पडवीत खुराडं, आणि तो माणूस शिव्या देत उजव्या हातानं कबुतरामागे. पक्षी सुटायचा, तो पुन्हा धरायचा. कबूतर शेवटपर्यंत कापलं गेलं नाही. त्याला नाव पण ठेवलं होतं त्यांनी.

आता तिसऱ्या दिवसाबद्दल. झटका आलेला माणूस दवाखान्यात आला की तिसऱ्या दिवशी मॅडम त्याच्याजवळ जायच्या. पडदा ओढायच्या. खांदा उचलायला सांगायच्या, मग बोटं उघडायला. एखादं बोट जरासं जरी उघडलं तरी हात येण्याची आशा बरीच. खांदाही गप्प आणि बोटही गप्प, तर आशा थोडी. आणखीही तपासण्या होत्या, पण त्यांचा जीव त्या बोटात. हे गणित मला फार मागाहून कळलं. पडद्याच्या आत मला प्रवेश नव्हता. अभ्यासाचा नियमच तसा होता. घरी जाऊन हाताची प्रगती मोजणाऱ्याला, म्हणजे मला, अंदाज माहीत नसावा, रोग्यालाही नसावा, नाहीतर सराव ढिला पडतो. अंदाज सांगितला जाणार नाही, हे मीच घरोघर मराठीत वाचून दाखवायचे आणि सही घ्यायचे. मी एकदा मॅडमना म्हटलं, "मला सांगितलं तर मी कुणाला बोलणार आहे का?" त्या म्हणाल्या, "तोंडानं नाही बोलणार. तुझा चेहरा बोलेल."

मला ते पटलं होतं. मॅडमचं मला सगळंच पटायचं.

या अभ्यासाचा राजा म्हणजे तुडीलचे इब्राहिमचाचा. आखातात वर्षानुवर्षं क्रेन चालवून आलेला माणूस, इथे दोन टेम्पो, अत्तराचा शौक. त्यांचा हात असा काही परत आला की ते किटलीतून कपात चहा ओतायचे, धार उंचावरून धरून, आणि एक थेंब बाहेर नाही. मॅडम त्यांना रोग्यांच्या मेळाव्यांना न्यायच्या. चाचा छाती काढून सांगायचे, "मेहनत करा, मेहनत! मॅडमनी हात बांधला, मी रडलो, बायकोनं शिव्या दिल्या, पण मी सोडला नाय. हात झक मारत आला!" लोक टाळ्या वाजवायचे. मॅडम बाजूला उभ्या राहून मान हलवायच्या. हे सगळं मी डोळ्यांत साठवून घ्यायचे.

आणि मग आमच्या घरातच वारं गेलं.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला. आबा, म्हणजे माझे वडील, भाताच्या खाचरांचे बांध रचण्यात नावाजलेले. दगड हातात घेऊन फिरवायचे आणि त्याची बसायची बाजू सांगायचे. त्यांच्या उजव्या मनगटावर जत्रेत गोंदवलेला विंचू होता. दगड उचलला की शीर फुगायची आणि विंचू चालल्यासारखा दिसायचा. लहानपणी मी तो बघायला बांधावर जाऊन बसायचे. एका सकाळी विळा हातातून गळला, तोंड वाकडं झालं, आणि जीपनं घाट उतरून त्यांना महाडला आणेपर्यंत तो हात मांडीवर पडून होता.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी पडदा ओढला. मी बाहेर उभी. आमच्यात तिसरा दिवस म्हटला की राख सावडायला जायचा, तेच सारखं मनात येत होतं. मॅडम बाहेर आल्या. मी विचारायला नको होतं, नियम मला पाठ होता. तरी तोंडातून गेलं, "मॅडम, काय?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येईल. मेहनत करायला लाव. हात येईल."

आजवर त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. मला वाटलं, मी त्यांची म्हणून नियम मोडला. मी जाऊन आबांना म्हटलं, "मॅडम बोलल्या, येतो हात." आबांच्या वाकड्या तोंडातून शब्द नीट येत नव्हते, पण एवढं कळलं, "मंग येल."

त्यांचा डावा हात बांधला तो मी. उठल्यापासून निजेपर्यंत गोधडीच्या पिशवीत. आबा पडवीत बसून उजव्या हातानं चिमटा धरायचा प्रयत्न करायचे. बोलणं सुधारलं होतं, खांदा थोडा उचलायला लागला होता, कोपर ओढलं जायचं, पण बोटं मिटलेली ती मिटलेलीच. जेवण आई भरवायची, आणि मॅडमची गाडी खाली वळणावर दिसली की घास तिथेच थांबवून ताट आत न्यायची. डावा हात मोकळा करून जेवा असं कुणी म्हटलं असतं तरी आबा जेवले नसते. आमच्याकडे डाव्या हातानं अन्नाला शिवत नाहीत. मॅडमनी दिलेली पिशवी आबांना त्यामुळे रास्तच वाटली. नाहीतरी तो हात ताटात घालायचा नव्हताच.

मॅडम यायच्या, आई पडवीतल्या फळीवर चहा ठेवायची. आबांचा हात फळीवरून सरपटत कपापर्यंत जायचा, कपाला धडकायचा, चहा सांडायचा. मॅडमच्या अंगावर नाही, तिथपर्यंत कप कधी गेलाच नाही. फळीवरच सांडायचा. आई पदरानं पुसायची. दुसरा कप ठेवायची. तो निवायचा. मॅडम उठायच्या. आई दारात उभी राहून गाडी जाईपर्यंत बघायची. "एवढ्या लांबनं येते बाय, नि आपल्या घरातनं कोरड्या तोंडानं जाते." त्या सगळ्या काळात सबनीस मॅडम आमच्या घरी एकदाही चहा प्यायल्या नाहीत.

पुढे पुढे त्या आबांना बोलू लागल्या. बोलणं तेच, जे इतर घरांत ऐकून मी हसायचे. "काय आबा, हात चोरता का? तुडीलच्या चाचांचा आला, तुमचा का नाही येत? खोट हातात नाही, मनात आहे." शेजारचा गणूकाका कुंपणावरून ऐकायचा. मॅडम गेल्या की हाळी द्यायचा, "आबा, अरे ढोंग पुरे झाला, बांध पडलाय माझा!" गंमत करायचा तो. आबा पहिल्यांदा उलट शिवी द्यायचे, मग देईनासे झाले. एकदा मला म्हणाले, "मी कुठं कमी पडतो गो? मी करतो तेवढा जीव लावून करतो. का नाय करत?" मी म्हटलं, "अजून थोडं करा आबा." मला दुसरं काय माहीत होतं?

त्या अभ्यासाचा शेवट महाडमधल्या एका सभागृहात झाला. मुंबई-पुण्याचे डॉक्टर आले होते. मी दारात उभी राहून पाहुण्यांना फुलं देत होते. पुढच्या रांगेत इब्राहिमचाचा, नवा शर्ट, अत्तराचा घमघमाट. भाषण इंग्रजीत. माझं इंग्रजी मी घासून घासून कमावलेलं आहे, आठवीपर्यंत मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते कळतं याचा मला फार अभिमान होता.

पडद्यावर एक हात आला. चेहरा झाकलेला, फक्त हात. मनगटावर विंचू.

मॅडमचा आवाज नेहमीचाच, स्वच्छ. तिसऱ्या दिवशी या रुग्णाचा खांदा उचलला जात नव्हता, एकही बोट उघडत नव्हतं. अंदाज होता, हा हात उपयोगात येणार नाही. एरवी अशा रुग्णाला आपण लवकरात लवकर दुसऱ्या हातानं जगायला शिकवतो. इथे मात्र पूर्ण सराव दिला. अंदाज खरा ठरला. पुढचं चित्र.

पुढच्या चित्रात किटली धरलेला हात. तिसऱ्या दिवशी बोटं उघडत होती. अंदाज चांगला होता. साध्या सरावानंही हा हात बहुधा इतकाच आला असता.

टाळ्या झाल्या. चाचांनी पण वाजवल्या. मग मागे वळून मला खुणेनं बोलावलं. "काय बोलली गो मॅडम? माझ्या हाताचा काय बोलली?"

मी आडपडदा ठेवणारी नाही. म्हटलं, "चाचा, तुमचा हात येणार हे त्यांना तिसऱ्या दिवशीच दिसलं होतं."

चाचा मोठ्यानं हसले. "या अल्ला! मंग मला सांगायचा ना! एवढा कशाला रडवला? जरा आराम केला असता!" शेजारचे डॉक्टर वळून बघू लागले. चाचांचं हसणं थांबलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नि आधीचा तो हात? विंचूवाला?" ते आमच्या घरी येऊन गेले होते, आबांना धीर द्यायला. "तुझ्या बापाचा पण दिसला होता?"

मी मान हलवली. चाचांनी आपला उजवा हात खिशात घातला.

जेवणाच्या गडबडीत मी मॅडमना जिन्यात गाठलं. त्यांना माझ्याकडे बघूनच कळलं.

"नियम तूच वाचून दाखवायचीस, ग्रॅज्युएट," त्या म्हणाल्या. "अंदाज सांगायचा नाही."

"न सांगायचं ठरलं होतं, मॅडम. खोटं सांगायचं ठरलं नव्हतं. तुम्ही 'येईल' म्हणालात."

त्यांनी जिन्याच्या वर एकदा बघितलं. मग हळू म्हणाल्या, "तू त्या दिवशी ज्या तोंडानं विचारलंस ना... आणि मला खरंच वाटलं होतं, हा हात मला खोटं पाडेल. दगड उचलणारा हात."

"मग त्यांना आळशी कशाला ठरवलंत? तुम्हाला माहीत होतं बोट उघडणार नाही. वर मनात खोट आहे म्हणालात. गावासमोर."

"ढिले पडले असते ते."

"पडले असते. डाव्या हातानं जेवायला शिकले असते."

जिन्यावरून कुणीतरी त्यांना हाक मारली, मोठे डॉक्टर वाट बघतायत म्हणून. त्यांनी पदर सारखा केला. साडी नवी होती, कोरी, एकही डाग नसलेली. त्या वर गेल्या. त्यांनी सांगितलेली दोन्ही कारणं खरी असतील. मी ती पुष्कळदा घोळवून बघितली आहेत. मला कधीतरी त्यांची बाजू घ्यावीशीही वाटते, पण पडवीतली ती फळी आठवली की वाटत नाही.

त्याच संध्याकाळी मी आबांना सांगितलं. सगळं, सोपं करून. त्यांनी एकदाच विचारलं, "म्हंजे मी कमी नाय पडलो?"

"नाही आबा."

"तिला ठावूक होता?"

"होतं."

त्यांनी पिशवीतला डावा हात माझ्यापुढे धरला. "सोड."

मी नाडी सोडली. हात पांढरट पडला होता, कापडाच्या वळ्या उमटल्या होत्या. आबा आईला म्हणाले, "अगो, ताट वाढ." आईनं वाढलं आणि घास करायला बसली. त्यांनी तिला बाजूला सारलं. डाव्या हातानं भाकरी तोडता येईना, ती ताटाबाहेर पळत होती. खाली मान घालून, आमच्या कुणाकडे न बघता ते जेवले. वेळ फार लागला. आई आत जाऊन रडली.

नोकरी मी सोडली. आता महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे जे मोजते ते लपवायला मला कुणी सांगत नाही.

मॅडमना शेवटचं पाहिलं ते पोलादपूरला, आतेभावाच्या लग्नात. त्या ओळखीच्या घरी सगळीकडे जातात, लोक अजून त्यांना मानतात. आम्ही पंगतीत बसलो होतो, बाकांवर. आबांचा उजवा हात मांडीवर, डावा वरण-भातात. वाढणारा थबकला, "आबा, डाव्यानं?" आबा म्हणाले, "भूक त्यालाच लागते आता. वाढ." आजूबाजूचे हसले. आता आबांना तसलं बोलता येतं.

मॅडम रांगेतून येत होत्या, जुन्या सवयीनं ताटांकडे बघत. आबांच्या ताटाशी थांबल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. खाली वाकल्या आणि आबांचा मांडीवरचा उजवा हात उचलून टेबलावर ठेवायला गेल्या. कित्येक घरांत त्यांना तसं करताना मी बघितलं होतं. आबांनी डाव्या हातानं, वरणाच्या हातानं, त्यांचा हात धरला आणि बाजूला केला. जोरात नाही. बांधावर न बसणारा दगड काढून ठेवतात तसा.

मॅडमच्या बाहीवर पिवळी बोटं उमटली. त्या वळल्या. मांडवाबाहेर नळ होता तिथे गेल्या आणि बाही पाण्याखाली धरून चोळायला लागल्या. डाग धुताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. चोळता चोळता त्यांनी एकदा वळून आमच्या बाकाकडे बघितलं. मी अर्धवट उठले. का, ते मलाही सांगता येणार नाही.

"बस गो," आबा म्हणाले. "भात निवतोय."

मी बसले. पुन्हा बघितलं तेव्हा नळाशी दुसरीच कुणी बाई पोराचं तोंड धूत होती.